पळीचा न्याय

त्या गुरुवारी साखरडोहच्या मारुतीपुढे सारं गाव लोटलं होतं, पण मारुतीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. सगळे डोळे कढईवर होते. तीन दगडांची चूल, तिच्यावर हातभर रुंदीची कढई, कढईत धुरावत आलेलं जवसाचं तेल, आणि चुलीपलीकडे हरणाच्या कातड्यावर बसलेले पळीवाले बाबा.

बाबा कुठले, हे नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. हिंगणघाटात ते काशीहून आल्याचं सांगत. काशीत बहुधा हिंगणघाटहून आल्याचं सांगत असावेत. ते स्वतः फार बोलत नसत. बोलण्याचं काम त्यांचा शिष्य चंद्रभान करी. त्याचा आवाज असा होता की गावाचं लाउडस्पीकरचं भाडं वाचलं.

"पाहा बाप्पा, पाहा! तेल खरं, जाळ खरा, पळी खरी! आता राह्यला मानूस. तो खरा का खोटा, ते पळीच सांगन! ज्याले भरोसा नाई त्यानं मांगं सरकावं, भरोसेवाल्याले जागा होईन!"

बाबांनी आपली स्टीलची पळी तेलात बुडवली आणि दांडा कढईच्या काठाला टेकवला. दांड्यावर लाल नाड्याची एक गाठ होती. एक आरती झाली, दुसरी झाली. मग बाबांनी गाठीच्या जागी दांडा मुठीत धरला आणि लोकांकडे पाहून हसले. कोणी हातात ताकाचा पेला द्यावा, तसं त्यांचं चाललं होतं.

टाळ्या झाल्या. नत्थूजींना राहवलं नाही. ते घरून पितळेची पळी घेऊन आले, तेलात ठेवली आणि आरती संपायच्या आत हात लावला. पुढच्या क्षणी पळी एकीकडे आणि नत्थूजी दुसरीकडे होते.

"मन में मैल है," बाबा डोळे मिटून म्हणाले.

नत्थूजींनी सोसायटीचं खत परस्पर विकल्याचा गावाला जुना संशय होता. त्यामुळे बाबांचा निकाल सगळ्यांना लगेच पटला. मात्र त्या दिवसापासून बाबांनी पितळ बंद केलं. "कलियुगात पितळ बिघडलं, आता फक्त स्टील," असं चंद्रभानने जाहीर केलं. कारण उघड होतं. पितळेनं सरपंचही भाजले असते.

गर्दीत मागे शाळेच्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. पंचफुला रामटेके. वर्ध्याहून बी.एस्सी. करून, दोन वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणीसशे ऐंशी साली त्या इथे बदलून आल्या, तेव्हा आडनाव ऐकल्याबरोबर गावातल्या सगळ्या रिकाम्या खोल्या भरून गेल्या. एकट्या सीताबाईनं दार उघडलं होतं. "खोली लहानी आहे बाई, पन छपराचे कवेलू मजबूत आहेत," एवढंच ती म्हणाली होती. सीताबाई विधवा, बालवाडीत मुलांची लापशी शिजवायची. दोघींची चूल वेगळी, पण अंगण एक होतं.

बाईंना पहिला संशय तेलाचा आला. तेलात लिंबाचा रस वगैरे टाकला तर ते फार तापण्याआधीच बुडबुडे येऊन कढल्यासारखं दिसतं. म्हणून त्या पुढे झाल्या आणि मुठीतलं भिजवलेलं बेसन त्यांनी कढईत सोडलं.

"ओ बाई, लांबून, लांबून!" चंद्रभान ओरडला.

बेसन लगेच फुगून वर आलं आणि तांबूस झालं. म्हणजे तेल खरंच तापलेलं होतं. बाईंचा पहिला अंदाज चुकला. एका म्हाताऱ्यानं ते भजं काढून खाल्लं आणि प्रसाद चांगला झाल्याचं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात रूपराव पाटलांच्या घरून सोन्याचा गोफ गेला. नातवाच्या बारशाची गडबड होती. रुख्माबाई पाटलीणबाईंनी गोफ काढून उशीखाली ठेवला होता, आणि संध्याकाळी उशी होती, गोफ नव्हता. रूपराव वडनेरच्या पोलीस चौकीत जायला निघालेही होते. पण रुख्माबाई म्हणाल्या, "पोलिसायले काऊन बलावता? बाबा आहेत नं गावात. ते फुकटात सांगतीन."

बारशाच्या दिवशी आतल्या खोलीत चार बायका गेल्या होत्या. सरपंचांची विमलाबाई, तिची जाऊ, मनकर्णाबाई आणि सीताबाई. बाबांनी हुकूम केला, प्रत्येकीनं आपापल्या घरची स्टीलची पळी आणावी.

ही अट फार हुशारीची होती. त्या काळी साखरडोहात स्टीलच्या भांड्यावर नाव कोरल्याशिवाय ते घरात येत नसे. चारही पळ्यांवर चौघींची नावं टिंबाटिंबांनी ठोकलेली होती. त्यामुळे अदलाबदलीचा आळ बाबांवर कोणी घेऊच शकत नव्हतं. रामटेके बाईंनी नावं वाचली, दांडे पाहिले. जाडी जवळपास सारखी, लांबी सारखी. तेल खरं, जाळ खरा, पळ्या ज्याच्या त्याच्या. सगळंच खरं होतं. अडचण तीच होती.

बाबांनी गळ्यातली माळ काढली आणि एकेका पळीवरून फिरवली. माळेत मधोमध बोराएवढा काळा मणी होता. "पळी का पाप उतार रहे हैं," चंद्रभाननं समजावून सांगितलं. विमलाबाईच्या पळीवरून मणी सरळ घसरत गेला. तिच्या जावेच्या आणि मनकर्णाबाईच्या पळीवरूनही तसाच गेला. सीताबाईच्या पळीवर मात्र तो किंचित अडखळला. गोचीड सुटावा तसा सुटला आणि पुढे गेला. बाईंनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला नाही.

मग बाबांनी चारही दांड्यांवर सारख्या उंचीवर नाडा बांधला. पळ्या तेलात गेल्या. आरत्या झाल्या.

"आता नाड्यापाशी धरा. हातात फडकं नाई, पदर नाई! देवासमोर पडदा चालत नाई!" चंद्रभान गरजला. "पुरी एक आरती धरून ठेवाची!"

विमलाबाईनं धरली, तोंड वाकडं केलं, पण धरून राहिली. दुसऱ्या दोघींनीही तसंच केलं. सीताबाईनं धरली आणि तिच्या कपाळावर घाम आला. आरती अर्धी झाली. तिचे ओठ पांढरे पडले. दुसरी कोणी असती तर तिनं केव्हाच सोडली असती. पण आपण गोफ घेतला नाही हे सीताबाईला पक्कं माहीत होतं, म्हणून तिनं सोडली नाही. खरेपणामुळे ती अधिक भाजली. शेवटी पळी हातातून आपोआप सुटली, तेव्हा बोटांवर फोड आले होते.

गर्दीतून एक लांब "हो" निघाला. गावाला उत्तर मिळालं होतं.

सरपंच खाकरले. "सीताबाई, पुढच्या गुरुवारपर्यंत गोफ मारुतीच्या पायाशी ठेवजो. नाई तं बालवाडीत आमाले दुसरी बाई पाहा लागन. चोराच्या हातचं लेकरायनं कसं खावं?"

दुसऱ्या दिवसापासून आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. लापशी शिजली आणि तशीच राहिली.

रामटेके बाईंनी सीताबाईच्या बोटांना मलम लावलं. कोपऱ्यात ती पळी नाड्यासकट पडली होती.

"मावशी, ही पळी कुठून घेतली?"

"भांडेवालीजवळून. पितळेची पान्याची गुंडी देल्ली, त्याच्या बदल्यात ही पळी अन् दोन गिलास." सीताबाई कडू हसली. "तिनं चुंबक लावून दाखोलं. तं चिकटलं नं बाई! म्या म्हटलं, हे असली नाई. तं म्हने कशी, नवीन आहे, दोन दिवस चिकटन, मंग आपोआप सुटन."

"मग सुटलं?"

"आता मायाजवळ कुठचं चुंबक, पाहाले?"

भांडेवालीचं चुंबक वर्धा जिल्ह्यात सगळ्या बायकांना माहीत होतं. सुतळीला बांधलेला तो काळा तुकडा भांड्याला चिकटला नाही की माल असली, चिकटला की हलका. असली का आणि हलका का, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. चिकटला की भाव पाडून मागायचा, एवढा त्या शास्त्राचा उपयोग होता.

 बाईंना तो काळा मणी आठवला, अडखळून सुटणारा.

"मावशी, ही पळी रोजची वापरातली ना? रोज लापशी ढवळताना दांडा गरम होत नाही?"

"होते नं. चांगला पोयते. मी तं पदरानंच धरतो."

"रोज गरम होते?"

"रोज."

"म्हणजे मावशी, तुम्ही रोज चोरी करता?"

सीताबाईनं कोपऱ्यातली पळी उचलून पाहिली. मग म्हणाली, "हे तं मले सुचलंच नाई वं माय. अन् सुचलं असतं तरी, तिथं मले कोनं इचारलं?"

बाई शाळेतून घोड्याच्या नालाच्या आकाराचं चुंबक घेऊन आल्या. सीताबाईच्या पळीला ते टपकन चिकटलं. बाईंची स्वतःची पळी नागपूरच्या दुकानातली होती. तिला चिकटलंच नाही. मग त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि दोन्ही दांड्यांवर बोटाबोटाच्या अंतरानं मेणाचे थेंब पाडले. कढईत गोडंतेल तापवून दोन्ही पळ्या शेजारी ठेवल्या. खालचे थेंब आधी वितळले, मग त्यांच्या वरचे. नागपूरच्या पळीवर मेण वितळत वितळत एका जागी थांबलं. सीताबाईच्या पळीवर ते तिथे न थांबता आणखी दोन बोटं वर चढलं.

बाबांचा नाडा नेमका त्या दोन बोटांत बांधलेला होता.

गुरुवारी पुन्हा तशीच गर्दी जमली. कढई तापली. सीताबाई हाताला चिंधी बांधून उभी होती. तिच्या शेजारी रामटेके बाई होत्या.

"गोफ आनला का?" सरपंचांनी विचारलं.

"नाही आणला," बाई म्हणाल्या. "पण बाबांची परीक्षा पुन्हा एकदा व्हावी, एवढी विनंती आहे. फक्त पळ्या बदलून. विमलाबाईंची पळी सीताबाईंच्या हातात, आणि सीताबाईंची विमलाबाईंच्या."

बाबांनी पहिल्यांदा दोन्ही डोळे नीट उघडले. "ऐसा नहीं होता. अपनी पळी, अपना पाप."

"दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो तर आपण त्याच्याच पळीनं वाढलेलं खातो बाबा. पाप तेव्हा कुठे जातं?"

गर्दीत कोणीतरी हसलं. विमलाबाई नवऱ्याच्या मागे सरकल्या. "मी नाई बाप्पा धरत चोराची पळी."

"मंग आन इकडं!" रुख्माबाई उठल्या. त्यांचा गोफ गेला होता, त्यांचा राग खरा होता, आणि बाबांवरचा विश्वासही खरा होता. "मी धरतो. माया घरच्या सोन्याची चोरी का मीच केली? पाहू द्या या मास्तरीनबाईले, पळी कशी खरं बोलते ते!"

"माताजी, आप मत..." बाबा अर्धवट उठले.

"काऊन बाबा? मी का पापी आहे?"

बाबा पुन्हा खाली बसले. रुख्माबाई रोज त्यांना दुधाचा तांब्या पाठवत होत्या.

नाडा बाईंनी मागच्याच उंचीवर, सगळ्यांसमोर बांधला. पळ्या तेलात गेल्या. आरत्या बाबांच्या नियमाप्रमाणेच झाल्या. चंद्रभानचा आवाज आज जरा बसलेला होता. मग सीताबाईनं डाव्या हातानं विमलाबाईची पळी धरली आणि रुख्माबाईंनी सीताबाईची.

सीताबाई उभी राहिली. चेहरा ताणलेला, पण उभी राहिली.

रुख्माबाईंनी दात आवळले. पाटलीणबाई म्हणून जेवढं सोसता येतं तेवढं सोसलं. मग "अगाई!" म्हणून पळी टाकली आणि बोटं तोंडात घातली.

 बाबांच्या कायद्यानं निकाल स्पष्ट होता. रुख्माबाईंनी स्वतःचा गोफ स्वतःच्या उशीखालून स्वतःच चोरला होता.

"आता बोला," रामटेके बाई म्हणाल्या. "का मेणालाच विचारू?"

त्यांनी मेणबत्ती काढली, पळ्या पुसून थंड केल्या, दांड्यांवर थेंब पाडले आणि पळ्या पुन्हा तेलात ठेवल्या. पुढचे लोक वाकून पाहू लागले, मागच्यांना सांगू लागले. "हे थांबलं... हे चढून राह्यलं... अजून चढलं!"

"मेणानं कोणाचा गोफ चोरला?" बाईंनी विचारलं. "एकच तेल, एकच जाळ. सीताबाईंच्या पळीवर मेण नाड्याच्या वर गेलं, विमलाबाईंच्या पळीवर नाड्याच्या खाली राहिलं. हात कोणाचाही असो. स्टील म्हणजे सगळं एकच नसतं. लोखंडात क्रोमियम मिसळलं की गंज चढत नाही, ते झालं स्टील. महागाच्या भांड्यात त्याशिवाय निकेलही असतं. पुरेसं निकेल असलं की त्याला चुंबक चिकटत नाही, आणि त्यातून उष्णता सावकाश जाते. हलक्या स्टीलमध्ये निकेल नसतं. त्यातून ती दीडपट तरी जास्त जाते. फरक एवढाच, दोन बोटांचा. पण नाडा त्या दोन बोटांत बांधला की एकीला चटका सोसतो आणि दुसरीला फोड येतो."

"पन बाबाले कसं समजलं, कोनती हलकी ते?" नत्थूजींनी विचारलं. त्यांच्या तळहातावर अजून डाग होता, आणि गेले काही दिवस लोक त्यांच्याशी खताविषयीच बोलत होते.

"त्यांच्या माळेला विचारा."

चंद्रभाननं माळ झोळीत टाकायचा प्रयत्न केला. रूपरावांनी त्याचं मनगट धरलं.  त्यांनी माळ घेतली, काळा मणी विमलाबाईच्या पळीवर ठेवला. मणी घरंगळला. सीताबाईच्या पळीवर ठेवला. चिकटला. त्यांनी माळ वर उचलली आणि पळीही तिच्याबरोबर हवेत लटकली.

"अवं, हे तं भांडेवालीचं चुंबक!" मनकर्णाबाई ओरडली, आणि एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या. पुरुषांना त्यातलं काही कळलं नाही, पण बायकांना सगळं कळलं होतं.

"चमत्कार आहे," बाबा म्हणाले. मात्र हे वाक्य त्यांनी उभं राहून, पायांत खडावा घालता घालता म्हटलं.

"मंग माहा गोफ कोनं घेतला?" रुख्माबाईंनी बोटं झटकत विचारलं. आवाजात राग कमी होता आणि रडू जास्त.

"मला माहीत नाही, पाटलीणबाई," रामटेके बाई म्हणाल्या. "पळीलाही माहीत नाही. मी तेवढंच सांगायला आले आहे. गोफ कोणी घेतला हे शोधायचं तर कोण आलं, कोण गेलं, कोणी काय पाहिलं हे विचारावं लागतं, त्यासाठी पोलीस आहेत. पळीला विचाराल तर ती पळीबद्दलच सांगेल. ती महाग की स्वस्त, एवढंच. ज्याच्या घरी निकेल, तो निर्दोष. ज्यानं गुंडी देऊन हलकं भांडं घेतलं, तो चोर. हा न्याय कोणाच्या बाजूनं लागतो, ते तुम्हीच पाहा. उद्या दुसरा कोणी दुसरं काही घेऊन येईल. तेव्हा हात जोडायच्या आधी एकदा विचारा, हेच दुसऱ्याच्या हातात दिलं तर काय होईल? विचारायला बी.एस्सी. लागत नाही."

बाबांना रूपरावांनी चौकीपर्यंत सोबत केली. जायचं तर त्यांना तिकडे होतंच, बारशापासून राहून गेलं होतं. गोफाची तक्रार त्या दिवशी लिहून झाली. गोफ मात्र सापडला नाही. गोष्टीत सापडतात तसे गोफ खऱ्या गावात नेहमी सापडत नाहीत. आणि सीताबाई निर्दोष ठरायला तो सापडण्याची गरजही नव्हती.

सोमवारी बालवाडीत पहिल्यांदा दोनच मुलं आली. मग आणखी काही आली. थोड्या वेळानं रुख्माबाई आल्या, उजव्या हाताच्या बोटांना चिंधी, डाव्या हातानं मोठ्या नातीला धरलेलं. नातीला त्यांनी रांगेत बसवलं आणि स्वतः चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.   लापशी खाली लागत आली होती आणि सीताबाईच्या एका हाताला ढवळणं जड जात होतं.

"दे इकडं," रुख्माबाई म्हणाल्या आणि पळीकडे हात नेला.

"पदरानं धरजा, पाटलीणबाई," सीताबाई म्हणाली. "रोजच गरम होते ते."